लेखनपेटी आणि तिचे कारागीर

लेखनकलेचा इतिहास सांगताना भूर्जपत्र, ताडपत्र, कागद, बोरू आणि शाई यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. थोर लेखकांची, मुत्सद्द्यांची आणि व्यापाऱ्यांची नावेही इतिहासाने जपली आहेत. परंतु हे सारे लेखनसाहित्य ज्या छोट्या लाकडी पेटीतून गावोगाव आणि बंदरोबंदरी फिरले, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती पेटी ज्याने घडविली, त्या सुताराचे नाव तर क्वचितच कोठे नोंदलेले आढळते. ज्या पेटीवर एका राष्ट्राचा जन्मलेख लिहिला गेला ती संग्रहालयात मानाने विराजमान होते. आणि जी तितक्याच, किंबहुना अधिक प्रेमाने घडविली गेली ती समुद्राच्या तळाशी जाते. अशा दोन पेट्यांची हकिकत या लेखात पुढे येणार आहे. तत्पूर्वी लेखनपेटी म्हणजे काय, ती कशी घडे आणि भारतीय कारागिरांनी तिला कोणते वैभव प्राप्त करून दिले, हे पाहणे उचित ठरेल.

गरज आणि पूर्वपीठिका

घरी बसून लिहिणाऱ्यास फारशा अडचणी नसतात. प्रवासात लिहिणाऱ्यापुढे मात्र चार अडचणी उभ्या राहतात. कागद चुरगळतो, लेखणी मोडते, शाई सांडते, आणि लिहिलेले परक्याच्या नजरेस पडते. लेखनपेटी हे या चारही अडचणींवर एकाच वेळी शोधलेले उत्तर होय. तिच्यात कागदासाठी सपाट कप्पा असे, लेखणीसाठी खाच असे, दौतीसाठी घट्ट बसणारे घर असे आणि या सर्वांवर कुलूप असे. शिवाय ती उघडली की तिचाच उतार लिहिण्याचा पाट बनत असे. त्यामुळे गाडी, जहाज, तंबू वा धर्मशाळा, कोठेही मेजाची आवश्यकता राहत नसे.

शाई सांडण्याची अडचण फार प्राचीन आहे. श्वेतांबर आगमांपैकी राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभ देवाच्या पुस्तकरत्नाचे वर्णन येते. त्यात पुठ्ठे, दोरा, गाठ, शाई आणि लेखणी यांच्याबरोबरच दौत, दौतीचे झाकण आणि तिची साखळी यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. सर्व वस्तू रत्नमय असल्या तरी झाकण आणि साखळी हे तपशील व्यवहारातील लेखकाच्या अनुभवातूनच आलेले आहेत. दौत उचलून नेता आली पाहिजे आणि नेताना शाई सांडता कामा नये, ही काळजी त्या काळीही होती.

पुढे मुसलमानी अमदानीत कलमदान सर्वत्र रूढ झाले. लांबट आकाराच्या या डबीत कलमा, चाकू आणि दौत मावत असे. दरबारी लेखनिकाच्या दृष्टीने कलमदान हे त्याच्या पदाचेच चिन्ह होते. व्यापाऱ्यांच्या पेढीवर मात्र निराळी पेटी नांदली. गादीवर मांडी घालून बसलेल्या मुनीमापुढे उतरत्या झाकणाची, बैठी, भक्कम लाकडी पेटी असे. झाकणावर रोजमेळ वा खतावणी ठेवून लिहावयाचे आणि झाकण उचलून आत दौत, टाक, हुंड्या व रोकड ठेवावयाची, अशी तिची योजना होती. दिवाळीतील वहीपूजनाच्या दिवशी वह्यांबरोबर दौत-लेखणीलाही हळद-कुंकू लागे. युरोपीय माणूस खुर्चीवर बसून लिहितो, भारतीय माणूस जमिनीवर बसून लिहितो. बैठक बदलली तरी उतरत्या पाटाची सोय दोघांनाही सारखीच उपयोगी पडली.

सिंधहून गोव्याकडे

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि युरोपीय पद्धतीच्या सामानाला पश्चिम किनाऱ्यावर मोठी मागणी निर्माण झाली. समोरची फळी खाली पडणारी आणि आत लहान-लहान खण असलेली लेखनपेटी हा पोर्तुगीजांच्या आवडीचा प्रकार. घाट परदेशी, परंतु तो घडविणारे हात गुजरात आणि सिंध प्रांतांतील होते. आग्र्याच्या डच वखारीतील फ्रान्सिस्को पेल्सार्ट या व्यापाऱ्याने इ. स. १६२६ च्या आपल्या अहवालात सिंधमधील ठठ्ठा शहराची माहिती दिली आहे. तेथे हस्तिदंत आणि आबनूस यांचे जडावकाम केलेल्या सुंदर लेखनपेट्या व सोंगट्यांचे पट मोठ्या प्रमाणावर तयार होत आणि गोव्यास व किनाऱ्यावरील इतर शहरांस पाठविले जात, असे त्याने नमूद केले आहे.

या एका नोंदीवरून त्या काळच्या व्यापाराचे चित्र स्पष्ट होते. लाकूड एका प्रांतातील, हस्तिदंत बहुधा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेला, नमुना पोर्तुगालचा, कारागीर ठठ्ठ्याचा आणि गिऱ्हाईक गोव्याचे. अशा पेट्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसारख्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांवरील पाटीवर प्रांत आणि शतक लिहिलेले असते. कारागिराचे नाव लिहिण्यास संग्रहालयाजवळ आधारच नसतो.

पेटीची घडण

लेखनपेटीचा जो घाट पुढे जगभर प्रसिद्ध झाला, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये स्थिरावला. बंद असताना ती साधी आयताकृती पेटी दिसे. परंतु तिचे दोन भाग तिरक्या रेषेत कापलेले असत. बिजागरीवर झाकण पूर्ण उघडले की दोन्ही अर्ध्या भागांचे मिळून एकसलग उतरते पाट तयार होई. या पाटावर हिरवी बनात, मखमल वा कातडे चिकटविलेले असे. बनातीचा उपयोग केवळ शोभेसाठी नव्हता. कठीण लाकडावर पिसाची लेखणी अडखळते आणि तिचे टोक लवकर खराब होते. बनातीच्या मऊ बैठकीवर कागद सरकत नाही आणि लेखणी सुखाने चालते. पाटाच्या दोन्ही फळ्या उचलल्या की खाली कागद आणि आलेली पत्रे ठेवण्याची जागा असे. वरच्या काठाला लेखणीची खोलगट तबकडी, तिच्या बाजूस काचेची दौत आणि ओल्या शाईवर भुरभुरावयाच्या पुडीची कुपी असे.

लाकडाची निवड हा खरा परीक्षेचा विषय होता. वेस्ट इंडीज बेटांतून येणारे महोगनी लाकूड सरळ, टणक आणि कमी वाकणारे असल्याने ते प्रारंभी विशेष पसंत पडले. नंतर शिसवी आणि अक्रोडाच्या लाकडाचाही प्रसार झाला. पुष्कळ पेट्यांत आतील सांगाडा साध्या लाकडाचा आणि वर मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असे. कोपऱ्यांचे सांधे खिळ्यांवर सोडून दिले तर ते प्रवासात खिळखिळे होतात. म्हणून कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात कापून दोन फळ्या एकमेकांत गुंतविल्या जात. हा सांधा एका दिशेने ओढला तरी सुटत नाही. चांगल्या पेटीत तो पापुद्र्याखाली झाकलेला असल्याने गिऱ्हाइकाला दिसतही नसे. तो नीट बसला आहे किंवा नाही, हे प्रथम कारागिरालाच ठाऊक असे, आणि पन्नास वर्षांनी पेटीच्या मालकालाही कळून येई.

इ. स. १७९३ ते १८१५ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जवळजवळ अखंड युद्ध चालू होते. लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांच्या सामानात लेखनपेटी आवश्यक मानली जाऊ लागली. घोड्यावर, खेचरावर आणि जहाजाच्या तळघरात आपटणाऱ्या या पेटीच्या कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आल्या. पट्ट्या लाकडात कोरून समपातळीत बसविल्या जात, जेणेकरून त्या कशात अडकू नयेत. उचलण्याच्या कड्यासुद्धा बाजूच्या खोबणीत बुडविलेल्या असत. त्यांतील बहुतेक गोष्टी पाहणाऱ्याला नक्षी वाटतात. वस्तुतः त्या सर्व प्रवासाच्या अनुभवातून आलेल्या सोयी आहेत.

कुलूप आणि गुप्त खण

पेटीत केवळ कागद नसत. पैसे, दागिने, मृत्युपत्रे आणि खासगी पत्रेही तिच्यात असत. त्यामुळे कुलपाला फार महत्त्व आले. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने इ. स. १७८४ मध्ये नव्या पद्धतीच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्याच्या लंडनमधील दुकानाच्या खिडकीत पुढे एक कुलूप टांगण्यात आले आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास २०० गिनी देण्याची जाहीर घोषणा करण्यात आली. इ. स. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले. परंतु त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्च करावे लागले. अशा ब्रामा कुलपांचा लहान प्रकार उत्तम लेखनपेट्यांना बसविला जात असे.

कुलपावरही ज्यांचा विश्वास नसे त्यांच्यासाठी गुप्त खण होते. दौतीच्या घराजवळची एखादी लाकडी पट्टी ठरावीक ठिकाणी दाबली वा उचलली की आतील स्प्रिंग सुटे आणि एक फळी अलगद पुढे येई. तिच्या मागे दोन-तीन चिमुकले खण दडलेले असत. फळी बंद असताना तिच्या कडेची फट केसाएवढीही दिसू नये, यात सुताराचे सारे कसब पणास लागे. आत किती खण आहेत हे नव्या मालकाला कित्येकदा वर्षानुवर्षे समजत नसे.

अर्ध्या तासात परत आलेली पेटी

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेन यांच्या वडिलांनी इ. स. १७९४ च्या डिसेंबरात एक लहान महोगनी लेखनपेटी १२ शिलिंगांस खरेदी केली. जेन यांनी वापरलेली पेटी तीच असावी, असे मानले जाते. वडील खेड्यातील धर्मोपदेशक, उत्पन्न बेताचे. त्या मानाने मुलीच्या लेखनासाठी केलेला हा खर्च लक्षणीय होय.

इ. स. १७९८ च्या ऑक्टोबरात प्रवासात असताना डार्टफर्ड येथील खाणावळीत एक घोटाळा झाला. जेन यांची लेखनपेटी चुकून दुसऱ्याच एका घोडागाडीत चढविली गेली आणि ती गाडी ग्रेव्हझेंड बंदराकडे, म्हणजे वेस्ट इंडीजला जाणाऱ्या जहाजाच्या दिशेने निघून गेली. पेटीत त्यांची सर्व शिल्लक, म्हणजे सात पौंड होते. लगोलग घोडेस्वार पाठविण्यात आला. दोन-तीन मैलांवर त्याने गाडी गाठली आणि अर्ध्या तासात पेटी परत आली. हा प्रसंग जेन यांनी बहिणीला पत्राने मोठ्या विनोदाने कळविला आहे. त्या काळात त्यांचे कादंबरीलेखन सुरू झालेले होते. सात पौंड भरून निघाले असते. एखादे हस्तलिखित मात्र भरून निघाले नसते. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात राहिलेली ही पेटी इ. स. १९९९ मध्ये वंशजांनी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या स्वाधीन केली.

विशाखापट्टणमची छीट आणि हस्तिदंत

इंग्लंडमध्ये पेटीची उपयुक्तता पूर्णत्वास पोचली, तर भारतात तिच्या सौंदर्याने कळस गाठला. पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम येथे ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वखार उघडली ती मुख्यतः कापडासाठी. त्या प्रदेशातील सुती कापड आणि रंगीत छीट यांना युरोपात मोठा उठाव होता. कापडाच्या निमित्ताने आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तेथील सुतारांना पेट्या, खुर्च्या आणि कपाटे करण्यास सांगितले. इ. स. १७५६ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या गावाची दोन गोष्टींसाठी स्तुती केली आहे. त्यांपैकी एक म्हणजे तेथील छिटीचे पक्के व तेजस्वी रंग आणि दुसरी म्हणजे तेथील जडावकाम.

या दोहोंचा संबंध केवळ शेजाराचा नव्हता. तेथील लेखनपेट्यांवर चंदनाच्या वा शिसवी लाकडावर हस्तिदंताचे पातळ पत्रे बसवीत. मग त्या पांढऱ्या पृष्ठावर बारीक टोकाच्या हत्याराने वेलबुट्टी कोरून रेषांत काळी लाख भरीत. पुसून घेतल्यावर पांढऱ्यावर काळी नक्षी उमटे. या नक्षीतील काठाची वेल, मधली मोठी फुले आणि पानांची वळणे छिटीच्या कापडावरील नक्षीशी जवळचे नाते सांगतात. कापडाची पारख असलेल्या माणसाने ही पेटी पाहिली तर तागा उलगडून काठ आणि अंग निरखावे, तसे त्याचे डोळे तिच्यावरून फिरतील. विणकर, छपाईकार आणि सुतार यांच्या कलेची देवघेव अशा रीतीने एका हातभर पेटीवर आजही पाहावयास मिळते.

मुंबईची सादेली पेटी

पश्चिम किनाऱ्यावर सादेली कामाची परंपरा बहरली. इराणातील शिराझहून ही कला सिंधमध्ये आली, तेथून सुरतेस पोचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत स्थिरावली, अशी परंपरागत माहिती सर जॉर्ज बर्डवूड यांनी इ. स. १८८० च्या आपल्या ग्रंथात दिली आहे. मुंबईच्या या पेट्या इतक्या नावाजल्या की इंग्रजीत त्या प्रकारालाच मुंबईच्या पेट्या हे नाव पडले. इ. स. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात त्या मांडण्यात आल्या होत्या.

सादेलीची पद्धत मोठी कौतुकास्पद आहे. पांढरा हस्तिदंत, हिरवा रंगविलेला हस्तिदंत, काळे आबनूस, तांबूस पतंगाचे लाकूड आणि चमकदार कथील यांच्या लांब, बारीक काड्या तयार करावयाच्या. काही काड्या तिकोनी, काही चौकोनी, काही शंकरपाळ्याच्या आकाराच्या. ठरावीक क्रमाने त्या एकमेकींशेजारी लावून सरसाने चिकटवावयाच्या आणि दोरीने घट्ट आवळून एकजीव जुडी करावयाची. वाळल्यावर ही जुडी आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तीच तारका वा तेच फूल उमटते. काडीची जाडी सुतभर चुकली तरी चूक प्रत्येक चकतीत उतरते. दुरुस्तीस वाव नाही. अशा शेकडो चकत्या पेटीच्या अंगावर बसवून, घासून आणि झिलई देऊन पेटी पुरी होत असे. सांगाडा बहुधा चंदनाचा असल्याने झाकण उघडताच मंद सुगंध दरवळे. चंदनाच्या वासाने कागदाला कसर लागत नाही, हा त्याचा आणखी लाभ.

ही पेटी करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे उपलब्ध आहेत. परंतु सुरत आणि मुंबई येथे पेटीगरा हे आडनाव आजही आढळते. पेटीगरा म्हणजे पेटी करणारा. व्यक्तीचे नाव विस्मृतीत गेले, तरी धंद्याने निदान आडनावाच्या रूपाने आपली खूण मागे ठेवली.

या सौंदर्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेटीवरील पांढऱ्या शुभ्रतेसाठी हत्तींचे प्राण गेले होते आणि तिला जोडणारा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनत होता. हस्तिदंताच्या पाठोपाठ विशाखापट्टणमच्या पेट्यांवर कासवाची पाठ, म्हशीचे शिंग आणि साळिंदराचे काटेही आले. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला या पेट्या पाहताना कारागिराच्या हाताचे कौतुक आणि मुक्या प्राण्यांविषयीची व्यथा, या दोन्ही भावना एकाच वेळी जाणवल्यावाचून राहणार नाहीत. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील इ. स. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दातांचा आणि इ. स. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. हे सर्वथा योग्यच झाले. सादेलीची खरी किंमत हस्तिदंतात नव्हती, ती काड्यांच्या मापात आणि मांडणीत होती. कला जिवंत ठेवण्यासाठी प्राणी मारण्याचे प्रयोजन नाही, हे निरनिराळ्या रंगांच्या लाकडांतून आजही सिद्ध करता येते.

दोन पेट्यांची हकिकत

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन पेट्यांकडे वळावयाचे आहे. थॉमस जेफर्सन हे अमेरिकेचे पुढे झालेले राष्ट्राध्यक्ष. फिलाडेल्फिया येथे आले असता त्यांनी आपल्या हाताने आराखडा काढून बेंजामिन रँडॉल्फ या फर्निचर कारागिराकडून एक छोटी महोगनी लेखनपेटी करवून घेतली. रँडॉल्फ यांच्या घरीच ते प्रथम उतरले होते. या पेटीवर इ. स. १७७६ च्या जूनमध्ये त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. सर्व माणसे समान जन्मास आली आहेत, हे त्या मसुद्यातील जगप्रसिद्ध तत्त्व होय. पेटीत विशेष सौंदर्य नाही. ती साधी, नीटस आणि सोयीची असून मेजावर एखाद्या ग्रंथाहून अधिक जागा घेत नाही, असे तिचे वर्णन स्वतः जेफर्सन यांनीच केले आहे. सुमारे ५० वर्षे ती त्यांच्या वापरात होती.

त्याच इ. स. १७७६ मध्ये जेफर्सन यांच्या माँटिसेलो येथील मळ्यावर जॉन हेमिंग्स यांचा जन्म झाला. ते जन्मतःच गुलाम होते. जेम्स डिन्स्मोर या आयरिश सुताराच्या हाताखाली शिकून ते अत्यंत निष्णात कारागीर झाले. माँटिसेलोतील कितीतरी लाकूडकाम आणि फर्निचर त्यांच्या हातचे होते. ते लिहू-वाचू शकत आणि कामाच्या संदर्भात जेफर्सन यांना त्यांनी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत.

इ. स. १८२५ मध्ये जेफर्सन यांची नात एलन हिचा विवाह जोसेफ कूलिज यांच्याशी झाला. लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळलेल्या या मुलीसाठी हेमिंग्स यांनी एक लेखनमेज घडविले. नवदांपत्य बॉस्टनला गेले आणि सामान मागाहून समुद्रमार्गे रवाना झाले. ते जहाज बुडाले. एलनची पत्रे, पुस्तके आणि हेमिंग्स यांनी घडविलेले ते मेज, सर्व काही समुद्रात गेले.

नातीला लिहिलेल्या पत्रात जेफर्सन यांनी कळविले आहे की, या नुकसानीने हेमिंग्स यांना पराकाष्ठेचे दुःख झाले. एखाद्या महाकवीचे महाकाव्य आगीत भस्मसात झाले असते तरी त्याला याहून अधिक दुःख झाले नसते. तुम्ही तसेच दुसरे करून देऊ शकाल काय, असे जेफर्सन यांनी विचारले. हेमिंग्स यांनी नकार दिला. दृष्टी फार मंदावली होती आणि पहिल्याची बारीकसारीक आठवणही आता उरली नव्हती. त्यांनी मेज करताना कोणताही आराखडा कागदावर ठेवला नसावा, असे यावरून दिसते. जे काही होते ते त्यांच्या हातात आणि डोळ्यांत होते.

ती उणीव भरून काढण्यासाठी जेफर्सन यांनी आपली स्वतःची जुनी पेटी नातजावयास दिली. आज ना उद्या या पेटीला लोक पवित्र वस्तूप्रमाणे मान देतील, असा अंदाजही त्यांनी व्यक्त केला. दुसऱ्या वर्षी ४ जुलै १८२६ रोजी, म्हणजे जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांची शवपेटिका हेमिंग्स यांनीच घडविली. मृत्युपत्राप्रमाणे आणखी एका वर्षाने हेमिंग्स गुलामगिरीतून मुक्त झाले आणि त्यांच्या कामाची हत्यारे त्यांना मिळाली. इ. स. १८३३ मध्ये ते निवर्तले.

जेफर्सन यांचा अंदाज खरा ठरला. इ. स. १८८० मध्ये कूलिज घराण्याने ती पेटी अमेरिकन राष्ट्राला अर्पण केली आणि इ. स. १९२१ मध्ये ती स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आली. लक्षावधी लोक तिचे दर्शन घेतात. परंतु ती पेटी आज जेथे आहे तेथवर पोचण्याचे निमित्त ठरले ते एका गुलाम कारागिराच्या हातचे हरवलेले काम. ते बुडाले नसते तर ही पेटी नातजावयाच्या घरी गेलीच नसती. समानतेचा उद्घोष ज्या फळीवर लिहिला गेला तिच्याजवळ उभे राहणाऱ्याने, ती समानता ज्यांच्या वाट्याला वयाच्या पन्नाशीपर्यंत आली नाही त्या हेमिंग्स यांचेही स्मरण करणे न्यायाचे होईल.

अस्त आणि बोध

लेखनपेटीचा सर्वाधिक प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. इंग्लंडमध्ये इ. स. १८४० साली एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले आणि भारतात इ. स. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याच्या तिकिटाने पत्रव्यवहार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. परंतु ज्या प्रगतीने पत्रे वाढविली, तिनेच पेटीची गरजही संपविली. पोलादी निबांनी पिसाच्या लेखण्या आणि त्या तासण्याचे चाकू हद्दपार केले. इ. स. १८८४ मध्ये वॉटरमन यांनी शाई पोटात साठविणाऱ्या पेनाचे पेटंट घेतल्यावर दौत बरोबर नेण्याचे कारण उरले नाही. टंकलेखन यंत्राने कचेऱ्या व्यापल्या. पेढ्यांवरील उतरत्या पेट्याही टेबल-खुर्ची आली तसतशा मागे सरल्या, आणि वह्यांची जागा संगणकाने घेतल्यावर त्या माळ्यावर गेल्या. कित्येक भंगारात गेल्या, कित्येकांचे पितळ काढून लाकूड बंबात घातले गेले.

ज्या घरी अशी एखादी पेटी उरली असेल तिने आता लिहिण्याचे काम होणार नाही, हे उघड आहे. तरीही तिला उन्हात ठेवू नये, नवा रंग वा वार्निश फासू नये आणि सैल झालेल्या सांध्यात खिळा ठोकू नये. तिच्या खणांच्या तळाशी, पाटाच्या मागच्या बाजूस किंवा कुलपाच्या पट्टीवर कधी पेन्सिलीने केलेली एखादी खूण, एखादा आकडा वा नाव सापडते. ते पुसून टाकण्यापूर्वी टिपून ठेवावे. पेटी कोणी, कोठून आणि कोणत्या साली आणली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याची चिठ्ठी पेटीतच ठेवावी.

रँडॉल्फ यांचे नाव आज त्या पेटीबरोबर घेतले जाते, कारण जेफर्सन यांनी ते पत्रात लिहिले. हेमिंग्स यांनी घडविलेल्या मेजाची एक फळीही उरलेली नाही. त्याचा रंग, माप वा घाट आज कोणीही सांगू शकत नाही. तरीही ते मेज होते आणि ते मनापासून घडविले होते, इतके आज निश्चितपणे ठाऊक आहे, कारण ते गेल्यावर त्याचा कर्ता किती हळहळला हे कोणीतरी दोन ओळींत लिहून ठेवले.